वकिली मला जमेल का? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न : बारावी झाली, लॉ करायचंय. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे पाय कापतात. घरचे म्हणतात, तू कसली वकील होणार!

उत्तर : घरच्यांनी पिक्चरमधलीच वकिली बघितली असणार. अगं, खऱ्या कोर्टात बोलणं पाच-दहा मिनिटांचं आणि त्याच्यामागे वाचन दिवसभराचं. साधी चेक बाऊन्सची केस घे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांत नोटीस पाठवायची, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, तेही गेले की महिन्याभरात कोर्टात तक्रार. आता तू आरोपीकडून असशील तर बँकेचा मेमो, नोटीस, पोस्टाची पावती शेजारी शेजारी मांडून तारखा मोजत बसायचं, आणि नोटीस 34व्या दिवशी गेलीये असं सापडलं तर ती तक्रार टिकत नाही, मग पलीकडचा वकील कितीही खणखणीत बोलू दे. हे वाचताना मजा आली ना? मग ये बिनधास्त. बोलायची सवय होते गं, वाचायचा कंटाळा असेल तर मात्र खरंच अवघड आहे, आणि असे बोलघेवडे दरवर्षी भरपूर अॅडमिशन घेतात.

प्रश्न : वय 41, ग्रॅज्युएट आहे, बँकेत नोकरी. पत्राने एलएलबी करून नोकरी सांभाळून वकिली करता येईल का?

उत्तर : वयाचं टेन्शन सोडा, ग्रॅज्युएशननंतरचा तीन वर्षांचा कोर्स तुम्हाला आहेच. पण पत्राने केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, वर्गात 70 टक्के हजेरी लागते. शिवाय फुलटाइम पगारी नोकरीत राहून प्रॅक्टिस करायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत मनाई आहे, म्हणजे दोन्ही एकत्र विसराच. राजीनाम्याचा विचार असेल तर आधी चार दिवस रजा टाका आणि जिल्हा कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा, सहसा कोणी अडवत नाही. पुकारा होतो, पक्षकार धडपडत उभा राहतो, समोरून मुदतीचा अर्ज येतो, पुढची तारीख पडते, दोन मिनिटांत खेळ खलास. मग तो माणूस व्हरांड्यात वकिलाला विचारतो, "साहेब, आज काय झालं?" तिसऱ्यांदा विचारलं तरी न वैतागता सांगता येईल का, ते स्वतःला विचारा.

प्रश्न : पैसा कधी सुरू होतो?

उत्तर : उशिरा. ज्युनिअर म्हणून सुरुवातीला कोर्टाच्या कागदांच्या नकला काढणं, तारखा घेणं, ड्राफ्ट टाइप करणं हेच जास्त. बार कौन्सिलने 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्या असं सुचवलं, पण ती नुसती शिफारस, त्यामुळे सिनिअरकडे जॉइन होतानाच तोंड उघडून विचारायचं, त्यात लाजायचं काय! जाहिरात करायची तर वकिलांना परवानगीच नाही, पक्षकार तोंडोतोंडीच येतात आणि त्याला वर्षं जातात. घरी लगेच पगार द्यावा लागणार असेल तर कंपनीच्या लीगल विभागातली नोकरी आधी बघ.

प्रश्न : प्रॅक्टिस नको, डायरेक्ट जज व्हायचंय.

उत्तर : सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये सिव्हिल जजच्या भरतीसाठी तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली. तेव्हा आधी एखादा चांगला सिनिअर शोध, आणि ट्रायल कोर्टात, म्हणजे जिथे खटला पहिल्यांदा चालतो तिथे, काम करणाराच शोध, पुरावा कसा नोंदवतात ते तिथेच बघायला मिळतं.