एचआरने ‘दुसरी ऑफर आहे का, कितीची आहे?’ असं विचारलं तर खरं सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की हातात 16.5 लाखांची एक ऑफर आहे, नोटीस पिरियडचे 40 दिवस उरलेत, आणि दुसऱ्या कंपनीची एचआर विचारतेय की ऑफर कुणाची, कितीची, शिवाय लेटरही पाठवा.

ऑफर आहे हे सांगा, आकडाही सांगा. कंपनीचं नाव सांगू नका आणि लेटर तर अजिबात पाठवू नका.

मी पुण्यात बरीच वर्षं आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम केलंय, म्हणून हा प्रश्न कुठून येतो ते सांगते. रिक्रूटरच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक उमेदवाराची एक ओळ असते: करंट सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, लास्ट वर्किंग डे आणि ‘ऑफर इन हँड’. हा शेवटचा रकाना पगार पाडून मागायला ठेवलाय असं उमेदवारांना वाटतं. थोडं तेही असतं, पण खरी धास्ती वेगळी. आपल्याकडे 60-90 दिवसांची नोटीस. तेवढ्यात माणूस आणखी चार मुलाखती देतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. मग मॅनेजरची बोलणी रिक्रूटरने खायची आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ती ‘किती?’ विचारते तेव्हा तिला ‘नक्की येणार ना?’ हे जाणून घ्यायचं असतं. त्याचं उत्तर आधी द्या. साधारण असं:

“हो मॅडम, एक लेखी ऑफर आहे, 16.5 लाख, सगळं फिक्स्ड. कंपनीचं नाव सांगणं मला बरोबर वाटत नाही. तुमचा आकडाही मी त्यांना सांगणार नाही. पण काम मला तुमच्याकडचं जास्त आवडलंय. 18 लाख फिक्स्ड होत असतील तर आजच माझा होकार, आणि इतर सगळ्या मुलाखती बंद.”

एवढं बोलून गप्प बसा. पलीकडे दहा सेकंद शांतता झाली की अनेकजण घाबरून “थोडं कमी चाललं तरी हरकत नाही” असं स्वतःच म्हणून टाकतात. ती तेव्हा फक्त बजेट बघत असते. आणि ते होकाराचं वाक्य मनापासून असेल तरच उच्चारा.

लेटरचा आग्रह धरलाच तर “त्यात गोपनीयतेची अट आहे” असं सांगा (अनेक ऑफर लेटरांत ती असते, तुमचं वाचून बघा) आणि फिक्स्ड (ठरलेला पगार) किती, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून, कमी-जास्त होणारा भाग) किती हे मेलवर लिहून द्या. सध्याच्या नोकरीच्या सॅलरी स्लिप मागितल्या तर ती नेहमीची पडताळणी आहे.

16.5 चे 20 करून सांगू नका. कुठल्या अनुभवाला बाजारात काय मिळतं हे रिक्रूटर दिवसभर ऐकत असतात. पीडीएफमध्ये आकडा बदलून पाठवणारेही मी पाहिलेत. पकडले गेल्यावर झालेली निवड रद्द होते आणि त्या कंपनीचं दार कायमचं बंद होतं. हातात ऑफरच नसेल तर “सध्या नाही” म्हणा आणि मागणी तुमच्या कामाच्या जोरावर करा. तीही चालते.

आता मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. समजा त्यांनी 18 लाख दिले, पण त्यात 15 टक्के व्हेरिएबल आहे. म्हणजे 2.70 लाख वर्षाअखेरीच्या भरवशावर, फिक्स्ड 15.30 लाख. तुमच्या हातातल्या ऑफरपेक्षा वर्षाला 1.20 लाख, म्हणजे महिन्याला 10 हजार कमी! कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलीय का तेही बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. जॉइनिंग बोनस पहिल्या वर्षापुरता असतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा परत द्यावा लागतो. त्यामुळे पगाराचा ब्रेक-अप (कशाचे किती याची फोड) मागितल्याशिवाय फोनवर हो म्हणू नका.

सुधारित ऑफर लेटर मेलवर येईपर्यंत पहिल्या कंपनीला नकार कळवू नका. आलं, सही केली, की मात्र त्याच दिवशी त्यांना मेल टाका. तिथेही कुणीतरी तुमच्या जॉइनिंगच्या तारखेवर लॅपटॉप मागवून बसलंय.