नांदूर मध्यमेश्वरला येणारे परदेशी पक्षी माणसांमुळे यायचे बंद होत आहेत का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मुलांना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलात आणि नुसतं पाणीच पाणी दिसलं. म्हणून विचारताय, की माणसांच्या त्रासाने पक्ष्यांनी येणंच सोडलं का?

मी निफाड तालुक्यातला, गोदाकाठचा. हे पक्षी लहानपणापासून बघत आलोय. त्यांनी येणं सोडलेलं नाही. पण इथे उतरायचं की पुढे जायचं, हे आता बरंचसं माणसांच्या हातात आहे, आणि ते ठरतं पाण्याच्या खोलीवर.

मुळात ही जागाच माणसाने केलेली. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला. पुढे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याचं जे नुकसान, ते पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, महाराष्ट्रात सगळ्यात पहिलं.

आता खोलीचं बघा. तलवार बदक बुडी मारून खात नाही. डोकं पाण्यात, शेपटी आभाळाकडे, आणि मान जिथवर पोचेल तिथवरचंच चरतं. पाणटिवळे आणि तुतारी हे पक्षी तर घोट्याएवढ्या पाण्यात, चिखलात चोच खुपसत फिरतात. म्हणजे हातभर पाणी वाढलं की यातल्या कितीतरी पक्ष्यांचं ताट उचलल्यासारखं होतं. आणि हे पाणी निसर्गाच्या मर्जीवर नाही. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून सुटलेलं पाणी इथे येतं आणि कालव्यांनी कोपरगाव-वैजापूरकडे जातं. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरवून पाणी सोडणं, सुरू झालं की पातळी बदलते. शेतीला पाणी लागणारच, मीही शेतकऱ्याच्या घरातलाच. पण ऐन थंडीत पातळी एकदम वर-खाली होऊ नये, एवढा विचार आवर्तन आखताना व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाऊस उशिरापर्यंत पडत राहिलेल्या वर्षी तर गावोगावचे तलाव, बंधारे भरलेले असतात. मग पक्षी पांगतात, एका ठिकाणी थव्याने दिसत नाहीत. तुमच्या वेळी बहुधा हेच झालं असावं. एका फेरीवरून पक्षी संपले असं ठरवू नका. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या पक्षीगणनेचे आकडेच बघावे लागतात.

काळजी करायची तर पाणवेलींची, म्हणजे जलपर्णीची करा. शहराचं सांडपाणी गोदावरीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर ही वेल पोसते आणि पाण्यावर हिरवी सतरंजी पसरते. खाली उजेड पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो. बदकांना उतरायला मोकळं पाणीच उरत नाही. पाणवेली यंत्राने काढतात, पण सांडपाणी थांबत नाही तोवर ती परत येणारच. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण यात कुणाच्याच शेताचा फायदा नाही.

शेततळी वाढली, मग पक्ष्यांना पाणी वाढलं ना, असं काही जण म्हणतात. द्राक्षबागेतलं शेततळं जवळून बघा. चारी बाजूंनी उभा उतार आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. ना चिखल, ना गवत, ना उथळ काठ. बदकाने तिथे खायचं काय?

आपल्या नांदूरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, म्हणून राजस्थानातल्या खऱ्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं सांगतो. तिथेही पाणी माणसानेच आणलेलं. पांचना धरणाचं पाणी शेतीसाठी अडवलं गेलं आणि 2004 नंतर तिथल्या तळ्यांना कोरड पडली, पक्षी रोडावले. सायबेरियन क्रौंच मात्र त्याआधीच गेले होते. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यांचा घात मुख्यतः अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरच्या शिकारीने केला. हजारो किलोमीटरच्या वाटेवर एक मुक्काम बिघडला तरी पक्ष्याचं चुकतं ते असं.

आणखी एक, जे आपल्या हातात आहे. संक्रांत नेमकी या पक्ष्यांच्या मुक्कामात येते आणि येवल्याची पतंगबाजी तुम्हाला माहीतच असेल. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो मिळतो. मुलांना साधा दोरा घेऊन द्या, आणि सण झाल्यावर झाडातारांवर लटकलेला मांजा काढायला लावा.

परत याल तेव्हा निघण्याआधी चापडगावच्या एखाद्या गाईडला फोन करून पाणी उतरलंय का ते विचारा. गावातलीच पोरं आहेत, बरोबर सांगतात. पहाटे पोचा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब काठच्या गवतात किंवा गव्हात चरताना दिसले, तर लांबूनच बघा. चरायचं थांबवून त्यांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबायचं, फोटोसाठी एक पाऊलही पुढे नाही. हे पक्षी हिमालय ओलांडतात. सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. थंडी सरताना परत जायला जी चरबी लागते ती ते इथे खाऊन साठवतात, आणि उगाच उठवलेल्या प्रत्येक थव्याची ती थोडी थोडी इथेच खर्च होते.