सूज पायांना, एक्स-रे छातीचा का?

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर १० वर्षांची, वजन २८ किलो. तीन आठवडे लंगडतेय, बिल्डिंगचा जिना चढत नाही. चारही पाय खालून सुजलेत. संधिवात समजून कॅल्शियम आणि तेलाचं मालिश केलं, फरक नाही. डॉक्टर आता छातीचा एक्स-रे काढा म्हणतात. कशासाठी?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : एक्स-रे याच आठवड्यात काढा. सूज अंगठ्याने दाबून बघा. खळगा पडला तर पाणी साठलंय. कडक, कोमट लागली आणि चारही पायांना सारखीच असली, तर हायपरट्रॉफिक ऑस्टिओपॅथीची शंका घ्यायलाच हवी. यात हाडावरच्या आवरणाखाली नवं हाड धरतं. पायाच्या एक्स-रेत ते खवणीच्या दात्यांसारखं उभं दिसतं, सांधे मात्र बहुधा शाबूत असतात. संधिवाताशी फरक इथेच कळतो.

मूळ बहुतेकदा छातीत असतं : फुप्फुसातली गाठ, तिथलीच किंवा दुसरीकडून पसरलेली. व्हेगस मज्जातंतूमार्फत पायांकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि आवरण चेकाळतं, असं मानतात. खोकला नसला म्हणून छाती साफ आहे असं धरू नका. लंगडणं पुष्कळदा आधी येतं.

छातीचे तीन एक्स-रे मागा : डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं. कुत्रं कुशीवर निजलं की खालचं फुप्फुस दबतं आणि त्यातली लहान गाठ लपते. एकाच फिल्मवर भागवू नका. छाती स्वच्छ निघाली तर पोटाची सोनोग्राफी. क्वचित मूत्राशयातली गाठही हेच करते.

गाठ एकच असेल आणि काढता आली, तर लंगडणं एकदोन आठवड्यांत उतरतं. हाड पूर्ववत व्हायला महिने जातात. ऑपरेशन शक्य नसेल तर वेदना आवरायच्या. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१, म्हणजे तुमच्या कुत्रीला ५.६ मिलिग्रॅम, मग २.८. किडनी-लिव्हरची रक्ततपासणी झाल्यावर, डॉक्टरांनी लिहून दिली तरच, आणि भरल्या पोटी. सोबत स्टेरॉइड नको, पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कधीच देऊ नका. कॅल्शियम आणि मालिश आजच थांबवा. चोळल्याने ती फक्त कळवळते.

गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते रोज मोजा. उकाड्यातली धाप धरायची नाही. आकडा सतत ३० च्या वर राहिला किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.