जर्मनीचे हिवाळी सत्र आणि आपली दिवाळी

आपण दारव्ह्याजवळच्या गावातून विचारले आहे की, जर्मनीतील एमएस्सीच्या माहितीत ‘विंटर सेमिस्टर’ असे लिहिले आहे, तेव्हा दिवाळी करून, कापसाचे पैसे हाती आल्यावर मुलाला पाठवले तर चालेल काय. चालणार नाही.

आपल्या अमरावती विद्यापीठात ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ ही परीक्षांची नावे आहेत. जर्मनीत मात्र ती अख्ख्या सहामाहीची नावे आहेत. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असते. ‘होखशूले’ म्हणविणाऱ्या उपयोजित विज्ञानाच्या संस्थांत हीच सत्रे बहुधा एक महिना अगोदर, म्हणजे १ सप्टेंबरला व १ मार्चला लागतात. प्रवेशाच्या पत्रात दिलेल्या मुदतीत नोंदणी झाली नाही, तर मिळालेली जागाही जाते.

या तारखा नोंदणीच्या आणि सत्रशुल्काच्या आहेत, शिकवण्याच्या नव्हेत. विद्यापीठांत प्रत्यक्ष तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. उरलेल्या महिन्यांना तेथे सुटी न म्हणता ‘तासिकामुक्त काळ’ म्हणतात, आणि बऱ्याच परीक्षा व प्रकल्पांचे अहवाल त्यातच येतात. तेथे शिकत असताना पहिल्या वर्षी तासिका संपल्या, म्हणून हरभरा सोंगायला घरी असावे या हिशेबाने मी फेब्रुवारीअखेरचे तिकीट काढले. एक पेपर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, हे नंतर कळले आणि तिकिटाचे पैसे बुडाले. वेळापत्रक वाचण्यातही मी असाच फसलो होतो. दहाच्या तासिकेपुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असली की शिकवणे सव्वादहाला सुरू होते. मी पहिल्या दिवशी पावणेदहापासून रिकाम्या वर्गात एकटाच बसलो होतो.

आपली खरी अडचण पैशांच्या वेळेची आहे. हिवाळी सत्राच्या अर्जाची नेहमीची अंतिम तारीख १५ जुलै असली, तरी इंग्रजीतून चालणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. त्याअगोदर एपीएसचे, म्हणजे भारतीय पदवीची कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे, प्रमाणपत्र लागते, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आगाऊ भरून दाखवावी लागते. ही रक्कम जून-जुलैत उभी करायची असते, आणि तेव्हाच आपल्याकडे घरातला पैसा बी-बियाणे आणि खतात गेलेला असतो. म्हणून या हंगामातील कापसाचे पैसे पुढच्या ऑक्टोबरसाठी राखून ठेवावेत, असे मी सुचवीन. उन्हाळी सत्राच्या अर्जाची नेहमीची तारीख १५ जानेवारी असल्यामुळे ते आपल्या हंगामाला जास्त सोयीचे वाटेल. परंतु पुष्कळ अभ्यासक्रम केवळ हिवाळी सत्रातच प्रवेश देतात, तेव्हा एप्रिलचा विचार करण्यापूर्वी मुलाने निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या सत्रात प्रवेश आहे काय, एवढे विद्यापीठाला ईमेलने विचारून घ्यावे.