काचेचा पाऊस पडणारा निळा ग्रह खरंच आहे का? त्याचा तो फोटो खरा आहे का?

ग्रह खरा आहे. निळा रंग बऱ्याच अंशी खरा. काचेचा पाऊस हा अंदाज. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तो 'फोटो' म्हणजे निव्वळ चित्र. हा ग्रह आजवर कोणी ठिपक्याएवढासुद्धा वेगळा पाहिलेला नाही. त्याच्याबद्दल जे काही कळलंय, ते सगळं तो आणि त्याचा तारा यांच्या एकत्र येणाऱ्या प्रकाशातून.

नाव एचडी १८९७३३ बी. जंबुक तारकासमूहातल्या एका नारिंगी ताऱ्याभोवती फिरतो. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून फ्रान्स्वा बुशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शोधला. अंतर साधारण ६४ प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसणारा तिथला प्रकाश महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला निघालेला. तरी खगोलशास्त्राच्या हिशोबात हे शेजारचं घरच.

आकार आणि वस्तुमान, दोन्ही गुरूपेक्षा थोडं जास्त. पण गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षं लागतात, आणि हा महाशय २.२ दिवसांत फेरी उरकतो! ताऱ्यापासून जेमतेम ४६ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुधसुद्धा सूर्यापासून याच्या बारापटीहून लांब. इतक्या जवळ असल्यामुळे त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, असं मानतात. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याचा तापमानाचा नकाशा केला गेला, तेव्हा सर्वांत तापलेला भाग सुमारे ९४० अंश सेल्सिअस आणि सर्वांत थंड भाग ७०० च्या आसपास निघाला. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की तापलेला भाग ताऱ्याच्या थेट खाली नव्हता, पूर्वेला सरकलेला होता. वारा उष्णता ढकलत नेतो. पुढे २०१५ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वाऱ्याचा वेगच मोजला: तासाला ८,००० किलोमीटरहून जास्त.

आता रंगाचं. न दिसणाऱ्या ग्रहाचा रंग कसा कळला? सुट्टं तेल घेताना दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो ना, तसाच हिशोब. ग्रह ताऱ्याच्या शेजारी असताना आपल्यापर्यंत दोघांचा प्रकाश येतो, आणि तो ताऱ्यामागे गेला की एकट्या ताऱ्याचा. दोन्हींतला फरक तेवढा ग्रहाचा. २०१३ मध्ये हबल अंतराळ दुर्बिणीने हा फरक रंगवार मोजला. ग्रह मागे गेल्यावर निळा प्रकाश किंचित घटला, हिरव्यात मात्र घट सापडली नाही. म्हणजे ग्रह निळा प्रकाश परत फेकतो आणि हिरवा गिळतो. तांबड्याची मोजणी त्यात नव्हती, म्हणून मी वर 'बऱ्याच अंशी' म्हटलं. हा निळेपणा समुद्राचा नाही हे सांगायला नकोच. तापलेल्या हवेतले सिलिकेटचे बारीक कण निळा प्रकाश विखुरतात आणि उरलेला बराचसा सोडियम शोषून घेतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं.

सिलिकेट म्हणजे काचेचाच माल, त्यात एवढा वारा. मग 'आडवा काचेचा पाऊस' हा मथळा व्हायला कितीसा वेळ लागणार? अंदाज अगदीच हवेतला नाही. २०२४ मध्ये जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने प्रकाश रंगवार फोडून पाहिला, त्यात क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीतल्या खनिजाच्या, ढगांची खूण सापडली. पण ते कण इतके सूक्ष्म आहेत की 'पाऊस' म्हणण्यापेक्षा धुकं म्हणावं. त्याच वर्षी तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड सापडला, सडक्या अंड्यांचा वास येतो तोच वायू. चित्रात हा वास येत नाही, हे एक बरं.

आणखी एक गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. २०१० मध्ये हबलने पाहिलं तेव्हा ग्रहावरून वायू निसटताना दिसला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये पाहिलं तर सेकंदाला निदान हजार टन वायू उडून जात होता, आणि त्याच्या आठच तास आधी स्विफ्ट उपग्रहाने त्या ताऱ्यावर क्ष-किरणांचा मोठा भडका टिपला होता. भडक्यामुळेच वायू उडाला असावा, पण एका जोडीवरून खात्री देता येत नाही. ग्रह संपेल याची काळजी नको; या वेगाने विश्वाच्या आजवरच्या वयातही त्याचं फारसं काही बिघडलं नसतं.

तारा मात्र तुम्हाला स्वतः बघता येईल. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की रात्री आठच्या सुमाराला महाराष्ट्रातून तो जवळपास डोक्यावर असतो, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शहराबाहेर साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दिसतो. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश अडीच टक्क्यांच्या जवळपास घटतो, आणि छोट्या दुर्बिणीला कॅमेरा लावून हौशी लोकही ही घट टिपतात. हे समोरून जाणं, म्हणजे अधिक्रमण, दोन तासांच्या आतच आटपतं, पण आधीचा आणि नंतरचा तासभर धरून सलग चार तास फोटो काढावे लागतात. बरीचशी अधिक्रमणं आपल्याकडे दिवसा पडतात किंवा तारा मावळल्यावर, तेव्हा वेळापत्रक बघूनच रात्र ठरवा.