खडा पित्ताशयात आहे, पण अपचन त्याच्यामुळेच आहे का?

आपल्या आईंच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला आहे, जेवणानंतर त्यांचे पोट तासन्‌तास गच्च राहते आणि ढेकर येत राहतात. तेव्हा पित्ताशय काढल्यावर हे अपचन थांबेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, निर्णयापूर्वी खड्याची कळ आणि अपचन या दोन तक्रारी वेगळ्या करून पाहायला हव्यात.

खड्याची कळ बहुधा ओळखू येते. ती वरच्या पोटात मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली उठते, अर्धा तास ते काही तास सलग टिकते, कधी उजव्या खांद्यामागे जाते आणि ढेकर किंवा शौचाने शमत नाही. ही कळ वारंवार येत असेल, तर शस्त्रक्रियेने आराम पडण्याची शक्यता चांगली असते. नुसते पोट फुगणे आणि ढेकर मात्र खडे नसलेल्यांनाही सर्रास होतात आणि शस्त्रक्रियेनंतरही अनेकांचा पिच्छा सोडत नाहीत.

स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. ते पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते आणि त्याच वेळी जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते. म्हणून रविवारी सकाळी तर्रीदार मिसळ खाल्ल्यावर दुपारपर्यंत भूक लागली नाही, एवढ्यावरून पित्ताशयाला दोष देता येत नाही. शिवाय खडे असलेल्या काही रुग्णांचे जठर मुळातच मंद चालत असल्याचे तपासणीत आढळते.

माझ्या सासूबाईंचे तसेच झाले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर कळ पूर्ण थांबली, पण मळमळ राहिली आणि सकाळच्या उलटीत आदल्या रात्रीच्या कोशिंबिरीतले गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसत. पुढे एंडोस्कोपीत, रात्रभर उपाशी असूनही, जठरात अन्न सापडले. मूळ कारण जुना मधुमेह होता. साखर आटोक्यात आणून, थोडे-थोडे, मऊ व कमी तेलाचे जेवण दिल्यावर त्यांना बराच आराम पडला.

म्हणून आईंना मधुमेह आहे का, वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखे औषध सुरू आहे का, हे शल्यविशारदांना आवर्जून सांगा, कारण अशा औषधांनी जठर मंदावते आणि पित्ताशयाचे विकारही वाढू शकतात. शंका राहिल्यास जठर रिकामे होण्याची किरणोत्सारी तपासणी, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले अन्न देऊन जठराची चित्रे घेणे, करता येते. त्यात 4 तासांनंतर 10 टक्क्यांहून अधिक अन्न उरले, तर जठर मंद मानतात.

मात्र थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे किंवा न थांबणारी कळ यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. वरच्या पोटात दडपण येऊन घाम फुटला, तर पित्ताचा त्रास समजून थांबू नका. आधी ईसीजी काढून घ्या.