म्हापसा-पणजी रोजचा प्रवास, वर ऑफिसची कटकट. सतत चिडचिड होते. आसनांशिवाय योगात काही उपाय आहे का?

आहे, आणि त्याला चटईही लागत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत (१.३३) मन प्रसन्न ठेवायला चार वृत्ती सांगितल्यात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. तुमच्या कामाची चौथी. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये कुणी स्कूटर आडवी घातली, तर जाऊ द्या. मनातल्या मनात त्याच्याशी पणजीपर्यंत भांडत बसू नका. (पगार अडला तर मात्र भांडाच!) पुढच्याच सूत्रात श्वास आहे: सावकाश पूर्ण बाहेर सोडा, क्षणभर थांबा. कदंबा बसमध्ये उभ्यानेही जमतं. रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वास रोखू नका, नुसता लांबवा. झोपच उडाली असेल, तर आधी डॉक्टर गाठा.